गाढव म्हटलं की चोर म्हटलं?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की नुसती शिवी देणं हा आपल्याकडे सरसकट गुन्हा नाही. त्या एका वाक्यावर या महिन्यात जेवढी पत्रं आली तेवढी गेल्या वर्षभरात वारसाहक्कावरसुद्धा आली नव्हती. दोघांनी तर पत्रातून मलाच शिव्या घातल्यात. त्यातल्या एकाचं अक्षर इतकं देखणं आहे की ते पत्र मी फायलीला लावून ठेवलंय. तेव्हा या वेळी ‘वकीलबाईंना विचारा’मध्ये भाडेकरू नाहीत, मृत्युपत्रं नाहीत. फक्त अपमान.

आधी त्या वाक्याचा खुलासा. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि तिथेच, दुसऱ्या खंडात, ते कुठल्या कारणांसाठी आवळता येतं तेही सांगून ठेवलं. कारणं आठ: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी पुन्हा वाचा. ‘अपमान’ तिच्यात नाही. ‘अवमान’ आहे, पण तो न्यायालयाचा. आणि त्याचा भाव कधी कधी एक रुपयाही असतो, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशांत भूषण यांना तेवढाच दंड केला होता. तुमचा-माझा अपमान कायद्यात शिरतो तो या आठांपैकी कुठल्या तरी दारातून. दार सापडलं नाही तर तो जिन्यातच उभा राहतो.

मी ठाकूरद्वारच्या चाळीत वाढले, त्यामुळे माझं शिव्यांचं शिक्षण वकिलीच्या आधीचं. पहाटे साडेचारला नळ यायचा आणि पावणेपाचला पहिली शिवी. सनद मिळाल्यावर गिरगाव कोर्टात माझ्या वाट्याला आलेली पहिली फिर्यादही नळावरचीच. माझी बाई पिंजऱ्यात उभी. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, ‘नक्की काय म्हणाली ती?’ बाई पदर तोंडाला लावून म्हणे, ‘साहेब, ते बोलवत नाही.’ साहेब म्हणाले, बोलल्याशिवाय लिहू काय? तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरू झाली. आवाज, हातवारे, सगळं. टायपिस्टचे हात थांबले. तेवढ्यात पलीकडून आरोपी बाई ओरडली, ‘हे मी नव्हते म्हणाले, हे तू म्हणालीस!’ शिव्या वीसेक निघाल्या असतील, पण कोर्टाने लिहून घेण्यासारखं वाक्य एकच सापडलं: ‘हिने माझी तांब्याची कळशी चोरली.’ पुढच्या तारखेला दोघी एकाच बसने तडजोडीचा अर्ज घेऊन आल्या. तेव्हापासून पक्षकार खुर्चीत टेकला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: गाढव म्हटलं की चोर म्हटलं?

प्रश्न: मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सात वर्षं खजिनदार आहे. वय ६४. पुनर्विकासाच्या वादात एका सभासदाने १४२ जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘खजिनदार अक्कलशून्य गाढव आहेत आणि सिंकिंग फंडातले चार लाख त्यांनी खाल्ले.’ जाब विचारला तर म्हणतो, लोकशाही आहे, बोलायचं स्वातंत्र्य आहे. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन घरी पाठवलं. ग्रुपचे अ‍ॅडमिन आमचे सेक्रेटरी, त्यांच्यावरही केस होते का? बायकोने संध्याकाळी खाली फिरायला जाणं सोडलंय.

उत्तर: खजिनदारसाहेब, त्या मेसेजमध्ये दोन वाक्यं आहेत. मध्ये ‘आणि’ असला तरी कायद्यात ती दोन वेगळ्या घरची.

‘अक्कलशून्य गाढव’ सोडून द्या. भारतीय न्याय संहितेचं ३५२ कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचं दंड विधानातलं ५०४, अपमानाबद्दल बोलतं खरं. पण त्याला साधा अपमान पुरत नाही. ऐकणाऱ्याचं डोकं फिरून त्याने मारामारी करावी, शांतता मोडावी, असा हेतू किंवा तशी जाणीव बोलणाऱ्याची असावी लागते. तुम्ही खरोखर काठी घेऊन तिसऱ्या मजल्यावर धावलात की नाही हे महत्त्वाचं नाही. शब्द तसे धावायला लावणारे होते का, हे पाहतात. गाढव बिचारं त्या लायकीचं नाही.

‘चार लाख खाल्ले’ ही गोष्ट निराळी. ती शिवी नाही, तो आरोप आहे. शिवी ऐकून लोक बोलणाऱ्याकडे बघतात, आरोप ऐकून तुमच्याकडे. तुमच्या पत्नी खाली उतरत नाहीत त्या ‘गाढव’मुळे नव्हे. हेच अब्रूनुकसानीचं ३५६ कलम, जुनं ४९९-५००. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवाही घातली आहे. (सोसायटीचा जिना महिनाभर झाडायला लावणारा न्यायाधीश मिळाला तर मी स्वतः बघायला येईन.) बदनामी हा फौजदारी गुन्हा असावाच का, यावर वाद झाला, पण २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

आता तुमच्या सभासदाची बाजू. लोकहितासाठी केलेला खरा आरोप बदनामी होत नाही. सोसायटीचा पैसा हा सभासदांच्या हिताचा विषय आहे, आणि हिशेब विचारण्याचा हक्क त्याला आहे. त्याने हेच सगळं सद्भावाने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार म्हणून दिलं असतं, तर तुम्हाला फार काही करता आलं नसतं, कारण अधिकारी व्यक्तीकडे केलेल्या तक्रारीला कायद्याचं संरक्षण आहे.

या मुंबईने दोन्ही तऱ्हा पाहिल्यात. १८६०मध्ये करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वर्तनावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी ५० हजार रुपयांचा दावा ठोकला. तेव्हाचे ५० हजार! करसनदासांनी साक्षीदार उभे केले, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा माणूस कोर्टात येऊन बोलला, आणि १८६२मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. पुढे वीस वर्षांनी टिळक आणि आगरकर. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तरुण महाराजांचा छळ करतात, असा मजकूर त्यांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या आपल्या पत्रांत छापला, तो ज्या कागदांवर उभा होता ते बनावट निघाले. हेतू कोल्हापूरच्या महाराजांना वाचवण्याचा होता, तरी १८८२मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. एकाच्या हातात पुरावा होता, दुसऱ्यांच्या हातात पुरावा असल्याचा समज.

तुमच्या सभासदाच्या हातात काय आहे ते ठरवणारा कागद तुमच्याच कपाटात असणार: सात वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. वकिलाकडे जाण्याआधी ते नोटीस बोर्डावर लावा. लावायला हात अडखळत असेल तर मग मला पुन्हा पत्र लिहू नका.

कागद स्वच्छ असतील तर असं करा. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, नुसते स्क्रीनशॉट नकोत. कोर्टात दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या ६३ कलमाखालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पोलिसांनी तुम्हाला टोलवलं नाही. बदनामी अदखलपात्र आहे, एनसीपलीकडे ते स्वतःहून जाऊ शकत नाहीत. फिर्याद तुम्हीच मॅजिस्ट्रेट कोर्टात करायची. त्याला तीन वर्षांची मुदत आहे. भरपाईचा दिवाणी दावा मात्र एका वर्षाच्या आत लागतो, आणि इथेच लोक झोपतात. अ‍ॅडमिनला यात ओढू नका. २०२१मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितलंय, की सभासदाने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार नाही. आधीच संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

पण पहिलं पाऊल साधी नोटीस. माझ्या हाताखालून गेलेल्या अब्रूच्या बहुतेक फिर्यादी शिक्षेपर्यंत पोचल्याच नाहीत, माफीनाम्यावर मिटल्या. आणि माफीनामा घ्याल तो त्याच ग्रुपवर, त्याच १४२ जणांसमोर. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ असलं ‘तर’वालं वाक्य पदरात घेऊ नका. ‘मी केलेला आरोप खोटा होता’ एवढे शब्द हवेत. गाढवाबद्दल माफी मागितली नाही तरी चालेल.

प्रश्न: मी लोअर परळला एका कंपनीत काम करते. गेल्या आठवड्यात पँट्रीत सहा-सात जण चहा घेत असताना आमच्या सुपरवायझरने माझ्या जातीचं नाव घेऊन जे बोलायचं ते बोलला. (शब्द सोबतच्या कागदावर लिहिलेत.) सगळे हसले. नंतर म्हणाला, मस्करी होती, आजकाल काही बोलायचं स्वातंत्र्यच राहिलं नाही. तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत की शिवी गुन्हा नाही. मग हे पण नाही?

उत्तर: ताई, हे आहे. माझं ते वाक्य तुम्हाला असं वाचावं लागलं याचं मला वाईट वाटतं. ते लिहिताना माझ्यासमोर नळावरच्या बायका होत्या. कागदावरचे शब्द मी वाचले, इथे छापत नाही.

१९८९चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा, कलम ३. लोकांच्या नजरेसमोर कमीपणा आणण्यासाठी हेतुपुरस्सर केलेला अपमान, आणि लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ, हे दोन वेगवेगळे गुन्हे त्यात सांगितलेत. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं. सुपरवायझर स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा, एवढी अट. गाढव आणि चोर हा माझा गिरगावचा हिशेब इथे लागूच होत नाही. त्या एका शब्दाने तुम्ही काय केलंत हे बोललं जात नाही, तुम्ही कोण आहात एवढंच बोललं जातं, आणि ते शतकानुशतकं बोलून झालेलं असतं, म्हणून हा कायदा वेगळा करावा लागला.

भांडण होणार ते ‘लोकांच्या नजरेसमोर’ या शब्दांवर. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना बोललेलं यात बसत नाही. बंद केबिनचं प्रकरण असतं तर मी तुम्हाला सावध केलं असतं. पँट्रीत सहा-सात जण होते. त्यांची नावं, दिवस, वेळ, कोण कुठे उभं होतं, आणि तो जे बोलला ते शब्दाला शब्द, आज रात्रीच लिहून काढा. हसणाऱ्यांचीही नावं लिहा. साक्षीदार त्यांच्यातूनच मिळतो. एखाद्याला घरी गेल्यावर झोप लागलेली नसते.

एफआयआर नोंदवण्याआधी ‘प्राथमिक चौकशी करतो’ असं कुणी म्हणालं तर याच कायद्याचं १८ए कलम दाखवा, २०१८च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली आहे. तपास मुंबईत सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो. वकिलाच्या फीची काळजी नको, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, महिला म्हणूनही आणि अनुसूचित जातीच्या म्हणूनही. कंपनीलाही लेखी कळवा, पण कंपनीच्या उत्तराची वाट बघत थांबू नका. आणि तो मस्करीचा बचाव पुन्हा काढेल तेव्हा त्याच्याशी बोलू नका. ते कोर्टात सांगू दे.

प्रश्न: आम्ही कॉलेजची मुलं एकांकिका स्पर्धेसाठी एक संहिता बसवतोय. त्यात एका (नाव नसलेल्या) मंत्र्याला ढेकूण म्हटलंय, आणि एका दिवंगत पुढाऱ्याचा पुतळा चौथऱ्यावरून उतरून आजच्या लोकांना तीन सणसणीत शिव्या देतो. सर म्हणतात दोन्ही काढा, नाहीतर आत जाल. आम्ही खरंच आत जाऊ का?

उत्तर: ढेकूण राहू द्या रे. मंत्र्याचा मान राखला नाही म्हणून शिक्षा करणारं कलम आपल्याकडे नाही. ढेकणाने कंत्राटात किती खाल्ले असा आकडा घालाल तर मात्र खजिनदारसाहेबांचं उत्तर पुन्हा वाचा.

सरांची भीती कुठून येते ते मला कळतं. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, शहर बंद कशाला ठेवायचं? दुसरीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ए कलम होतं. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असं काहीही पाठवलं तर तीन वर्षं. त्रासदायक कुणाला, हे कुठेच लिहिलेलं नाही! मला स्वतःला रोज सकाळी येणारे सुप्रभातचे गुलाब अत्यंत आक्षेपार्ह वाटतात. श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ला ते कलम रद्द झालं. न्यायालयाने तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, पुरस्कार, चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस कितीही कडवट बोलला तरी सरकारने हात लावायचा नाही. तिसरीवर लावायचा. तुमचा ढेकूण पहिल्या पायरीवर आहे.

पुतळ्याचं प्रकरण अवघड. मेलेल्या माणसाची बदनामी होऊ शकते का? होऊ शकते. तो जिवंत असता तर त्याच्या नावाला धक्का लागला असता, आणि बोलण्याचा हेतू त्याच्या कुटुंबाला किंवा जवळच्या नातेवाइकांना दुखावण्याचा आहे, अशा दोन्ही गोष्टी असल्या तर. ‘जवळच्या’ या शब्दावर एक मोठा खटला फिरलाय. ‘देशाचे दुश्मन’ या दिनकरराव जवळकरांच्या पुस्तकात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहरी भाषेत लिहिलं होतं. पुण्यात बदनामीचा खटला उभा राहिला, शिक्षा झाल्या. १९२६मध्ये अपिलात बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा भावनांचा नव्हता: फिर्यादी चिपळूणकरांचा दूरचा नातेवाईक आहे, त्याला फिर्याद करण्याचा अधिकार पोचत नाही. आरोपी सुटले. भाषा जहरी होती हे कुणी नाकारलं नाही. प्रश्न एवढाच होता, की दुखावल्याचं सांगत कोर्टात येण्याचा हक्क कुणाला. आजकाल ज्याच्या-त्याच्या भावना दुखावतात तेव्हा मला हा खटला हटकून आठवतो.

पण तुमच्या अडचणीचं दुसरं प्रकरण आहे. १९९४मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत महात्मा गांधींवर एक मराठी कविता छापली होती, गांधीजींच्या तोंडी शिवराळ भाषा असलेली. खटला २१ वर्षं रेंगाळत सर्वोच्च न्यायालयात पोचला. २०१५मध्ये न्यायालयाने सांगितलं, की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले तर अश्लीलतेची कसोटी जास्त कडक लागेल. माफी मागितलेल्या प्रकाशकाला मोकळं केलं, कवीला मात्र खटल्याला सामोरं जा म्हटलं. मला तो निकाल पटलेला नाही. शिव्या देणारा संत आपल्या भाषेला नवा नाही. पण तुम्ही सल्ला मागितलाय, माझं मत नाही.

तेव्हा तीन शिव्यांपैकी कमरेखालची जी एक असेल ती काढा. तिथे पुतळ्याला नुसतं खाकरायला लावा, यशवंत नाट्यमंदिरात बसलेला मराठी प्रेक्षक बाकीची शिवी स्वतः भरून घेईल. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र खिशात ठेवा. आणि धर्म, जात यांवरून दोन गटांत वैर लावणारं काही असेल तर न्याय संहितेची १९६ आणि २९९ ही कलमं सरांना वाचून दाखवायला सांगा, ती जामिनाची कलमं नाहीत. बाकी प्रयोगाची तारीख कळवा.

थोडक्यात काही पत्रं

दादरच्या एका गृहस्थांच्या शेजाऱ्याने कुत्र्याचं नाव त्यांच्या नावावरून ठेवलंय आणि तो रोज जिन्यात मोठ्याने हाक मारतो. काही होणार नाही. विचारलंत तर लाडाने ठेवलं म्हणेल. कुत्रा स्वभावाने कसा आहे ते तुम्ही कळवलं नाहीत.

विरार लोकलमध्ये बायकांच्या डब्यात रोज होणाऱ्या शिवीगाळीबद्दल विचारणाऱ्या ताईंना: गंमत बघा, जी शिवी सोसायटीच्या जिन्यात गुन्हा ठरवायला एवढा खटाटोप लागतो, ती रेल्वेत आपोआप गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या १४५ कलमात डब्यात किंवा स्टेशनवर शिवराळ भाषा वापरणं हेच शिक्षेला पुरेसं आहे. साडेआठच्या विरार फास्टला हे कुणी सांगू नये, रिकामी धावेल.

अंधेरीच्या भगिनी, तुमचे चेअरमन तुमच्याबद्दल घाणेरडा मजकूर ई-मेलने सगळ्यांना पाठवतात आणि ‘मी तोंडाने काही उच्चारलंच नाही’ म्हणतात. ऑगस्ट २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीच्याच प्रकरणात हा बचाव ऐकला आणि नाकारला. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान लिहूनही होतो, ई-मेलनेही. आता ते न्याय संहितेचं ७९ कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दखलपात्र. एनसीवर परत येऊ नका.

नाव न लिहिलेल्या एका सुनेला: सासूबाई ‘वांझ’ म्हणतात ते चार भिंतींच्या आत आहे म्हणून तुम्ही गप्प आहात. या एका ठिकाणी कायद्याला भिंती दिसत नाहीत. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मूल किंवा मुलगा होत नाही यावरून केलेली टिंगल, अपमान हा शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणून स्पष्ट लिहिलाय. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. तुरुंगात टाकण्यासाठी नव्हे. कोर्ट आधी मनाईचा हुकूम काढतं, आणि तो मोडला तर मग बघतं. पुढच्या पत्रात फोन नंबर लिहा, हे छापण्यासाठी विचारत नाहीये.

प्रश्न: मुलगा जर्मनीत असतो. सिग्नलवर दुसऱ्या गाडीवाल्याकडे बघून त्याने कपाळावर बोट टेकवलं (‘डोकं ठिकाणावर आहे का’ असं), तर पोलिसांचं पत्र आलं. एवढ्याशा गोष्टीवर? आम्ही पार्ल्यात काळजीत आहोत.

उत्तर: काळजी करा, पण बेताची. तिकडे अपमान हाच स्वतंत्र गुन्हा आहे, त्यांच्या दंड संहितेचं १८५ कलम. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. चारचौघांत केला तर दोन वर्षांपर्यंत. आपल्यासारखी ‘शांतता मोडेल का’ ही अट नाही, माणसाच्या मानाला धक्का लागला की पुरे, मग तो शब्दाने असो की बोटाने. अशा किरकोळ प्रकरणांत सहसा दंडावर भागतं, आणि तिकडे दंड मोजतात दिवसांत: इतक्या दिवसांची कमाई. म्हणजे पगार चांगला असेल तर बोट महाग पडतं. मुलाला म्हणावं, उत्तर लिहिण्याआधी तिथला वकील गाठ.

ब्रिटिश उलट दिशेने गेले. त्यांच्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याच्या ५व्या कलमातून ‘अपमानकारक’ हा शब्द त्यांनी फेब्रुवारी २०१४पासून काढून टाकला. धमकावणारं आणि शिवीगाळीचं तेवढं ठेवलं. आपण मध्ये कुठेतरी आहोत. मला विचाराल तर जर्मन पद्धत मुंबईत आणली तर रिक्षा स्टँडपासून विधानभवनापर्यंत सगळेच हप्त्याने दंड भरत बसतील.

प्रश्न: मी परळचा, मूळचा सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातला. आमच्याकडे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ‘बोरीचा बार’ असतो. सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. नात कायदा शिकते, ती म्हणते आजोबा, हा तर गुन्हा. तुम्ही काय म्हणता?

उत्तर: आजोबा, नातीला म्हणावं ३५२ पुन्हा वाच. शांतता भंग व्हावी असा हेतू दाखव. तिथे तर शांतता भंग करायला दोन्ही गावं ठरवून, हलगी वाजवत जमतात, आणि मध्ये पोलीस असतात ते बायकांनी ओढा ओलांडून एकमेकींना ओढू नये म्हणून. कुणी कुणाला चोर म्हणत नाही, म्हटलं तरी दुसऱ्या काठावर कुणी हिशेब तपासत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात कुणाची किंमत उतरत नाही. आता २९६ कलम आहे, सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्यांना त्रास होईल असं अश्लील बोलण्याचं. पण त्रास झालेला माणूस शोधून आणावा लागेल, आणि तो त्या दिवशी त्या काठावर मिळणं कठीण.

मी याबद्दल नुसतं ऐकलंय, पाहिलेलं नाही. पुढच्या श्रावणात तुम्ही जाणार असाल तर मलाही न्या. वकीलपत्र घरी ठेवून येते. एसटीने लोणंदला उतरायचं की अलीकडे, आणि बघायला कुठल्या काठावर उभं राहिलेलं बरं, तेवढं पत्राने कळवा.